बेस गिटारला कॉम्प्रेसर (जोरातला आवाज दाबून सगळा सारखा करणारं पेडल) ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाटवणाऱ्या पेडलच्या) आधी लावावा की नंतर?

आधी. गिटारपासून क्रम असा: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, शेवटी डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी). ऑटो-वाह (‘वाव-वाव’ आवाज करणारं पेडल) असेल तर तो कॉम्प्रेसरच्याही आधी, कारण बोटांचा कमीजास्त जोर पोचला तरच तो उघडतो-मिटतो.

तुम्ही पुढे लिहिलंय की साउंडवाले पेडल काढायला सांगतात, ‘मिक्सरमध्ये कॉम्प्रेसर आहेच’ म्हणतात. नागपुरात हे मीही फार ऐकलंय. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर ऐन लग्नात साउंडवाले भाऊ अडून बसले: हम (मागची गुणगुण) येतो, कॉम्प्रेसर काढा. मेकअप गेन, म्हणजे दाबलेला आवाज परत वाढवणारा नॉब, ८ डीबीवर होता. तार वाजते तेव्हा कॉम्प्रेसर आवाज दाबतो. हात थांबला की दाब सुटतो आणि ते ८ डीबी सगळेच्या सगळे मागच्या हमला मिळतात. पण बायपास केल्यावरही हम होताच, बारीक. माझ्या जॅझ बेसचा (दोन पिकअपची बेस गिटार) एकच पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, उघडा होता आणि लाइटचा डिमर हाताच्या अंतरावर. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे केले, चार पावलं सरकलो, मेकअप ४ वर आणला. हम जवळजवळ गेला, पेडल जागेवरच राहिलं.

ड्राइव्हच्या आधी सगळ्या तारा एका पातळीवर आणायचं काम मिक्सरचा कॉम्प्रेसर करूच शकत नाही. तो ड्राइव्हच्या नंतर येतो. तोवर जाड ई (E) तार ड्राइव्हला जोरात धडकून फाटलेली असते आणि पातळ जी (G) तार कोरडीच राहिलेली असते. शिवाय ड्राइव्हने आवाजाचे शेंडे आधीच छाटलेले असतात. मागून दाबायला फारसं उरत नाही, वर येते ती नुसती सुरसुर.

सेटिंग: रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा ठोका सुटून जातो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिचं एक आवर्तन साधारण २४ मिलिसेकंदांचं. रिलीज त्याच्या जवळ आणला तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेमागे धावतो आणि खर्ज फाटतो. बरेच लोक पेडलला ‘खराब’ म्हणतात ते अनेकदा यामुळेच. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाब सुरू होतो ती) असा लावा की सगळ्यात जोरात वाजवल्यावर दाब दाखवणारा मीटर ६ डीबीच्या पुढे जाऊ नये आणि हळू वाजवताना हलूही नये. स्लॅपचे (अंगठ्याने तार ठोकून वाजवायचे) ठोके फार टोचत असतील तर अटॅक १० वर आणा.

हां, ड्राइव्ह बोटांच्या जोराने कमीजास्त व्हावा असं वाटत असेल तर कॉम्प्रेसर ड्राइव्हनंतरही चालेल. पण मग रेशो २:१ आणि मेकअप जवळजवळ शून्य.