दहापैकी सात म्हणजे नेमकं काय गं?

प्रिय मैत्रिणीला,

तू पाठवलेली सगळी मतं निवांत बसून वाचली. सिनेमाचं वेड तुला खरंच आहे, ते ओळीओळीतून कळतं. पण सगळीकडे तेच, "फायटिंग जबरदस्त, व्हीएफएक्स बेकार, दहापैकी सात", आणि वाचून मला पडद्यावर काय घडलं ते काहीच कळत नाही. मला तुझा आकडा नको, तुला काय दिसलं ते हवंय.

अ‍ॅक्शनचंच घे. मारामारी आवडली म्हणतेस, तर कोण कुठे उभं होतं, दार कुठल्या बाजूला होतं, फटका बसला तेव्हा कॅमेरा तिथेच थांबला की लगेच कट मारून दुसरं चित्र आणलं, हे बघ. जॅकी चॅनचा १९८५ चा पोलीस स्टोरी मिळाला तर बघच, त्यात शेवटी मॉलमध्ये तो दिव्यांच्या माळा लावलेल्या खांबावरून खाली घसरत येतो, हात भाजले होते त्याचे, आणि ती उडी आपल्याला वेगवेगळ्या अँगलने पुन्हापुन्हा दाखवलीय. का, तर माणसाने हे खरोखर केलंय हे तुला दिसावं म्हणून. आता आपल्याकडचे बरेच सिनेमे घे, अर्ध्या सेकंदाला कट, कॅमेरा हलतोय, धूळ उडतेय, कोण कोणाला मारतोय पत्ता नाही, आणि आपण म्हणतो काय स्पीड आहे! मला हा स्पीड वाटत नाही, लपवाछपवी वाटते.

आणि कट जास्त म्हणजे वाईटच असंही नाही हं. २०१५ चा मॅड मॅक्स फ्युरी रोड सतत कट होतो तरी डोळा कुठे हरवत नाही, कारण बघायची गोष्ट बहुतेक वेळा फ्रेमच्या मधोमध ठेवलीय, कट झाला तरी नजर आहे तिथेच राहते. तो एडिट केला मार्गारेट सिक्सेल यांनी, त्याआधी त्यांनी अ‍ॅक्शन सिनेमा कधी कापला नव्हता, आणि त्याच कामाला ऑस्कर मिळालं. एखादा सीन आवाज बंद करून परत बघत जा. म्युझिक काढल्यावरही कळतोय ना काय चाललंय, मग तो सीन पक्का.

आपल्या मुंबईचंही विसरू नकोस. वाडिया मूव्हीटोन या स्टुडिओचा हंटरवाली १९३५ चा आहे, त्याची नायिका नादिया स्वतः स्टंट करायची, नंतरच्या एका सिनेमात तर धावत्या ट्रेनच्या टपावर मारामारी. तुझ्या वयाच्या मुलींना हे नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. स्टंटवाल्यांना इतकी वर्षं ऑस्करमध्ये कॅटेगरीच नव्हती, आता २०२७ च्या सिनेमांपासून, म्हणजे २०२८ च्या सोहळ्यात पहिल्यांदा मिळणार. म्हणून शेवटची नावं येईपर्यंत थांब आणि फाइट मास्टरचं नाव तुझ्या लिखाणात येऊ दे.

आता अ‍ॅनिमेशन. तू लिहिलंस "कार्टून असून चांगला आहे", हे मला अजिबात पटलं नाही. जपानी दिग्दर्शक ताकाहाताचा ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज १९८८ चा, युद्धात उघड्यावर पडलेले भाऊबहीण, तो बघून कोणी लहान मुलांचं म्हणून दाखवावं. अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काहीच येत नाही गं, पापणी लवते तीसुद्धा कोणीतरी ठरवलेली असते. २०१८ च्या स्पायडरव्हर्स या स्पायडरमॅनच्या अ‍ॅनिमेशनपटात जंगलातला सीन आठव, नवा स्पायडरमॅन माइल्स अडखळत झोके घेतो आणि जुना स्पायडरमॅन पीटर सहज. पीटरचं चित्र सेकंदाला चोवीस वेळा बदलतं, माइल्सचं बारा वेळा, म्हणून एकाच फ्रेममध्ये नवशिका आणि मुरलेला वेगळे दिसतात, डायलॉगची गरजच नाही. "अ‍ॅनिमेशन भारी" म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य लिहिलं असतंस तर वाचणारा उठून सिनेमा लावायला गेला असता.

आणि हे सगळं बाहेरचंच असं समजू नकोस. फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून चित्रपट केला होता. एक अनेक और एकता, ती १९७४ ची छोटी फिल्म, विजया मुळे यांची, तुझ्या आईबाबांना अजून पाठ असेल, विचार त्यांना. साध्या सपाट आकृत्या, पण मुलं, पक्षी सगळं लख्ख लक्षात राहतं. पैसे कमी म्हणून चित्र मेलेलं दिसतं ही सबब मला ती फिल्म बघितल्यापासून खरी वाटत नाही.

ट्रेंडमध्ये काय चाललंय, बाकीचे काय म्हणतात, ते तुझं लिहून झाल्यावर वाच, आधी नको. एखादा सगळ्यांना आवडलेला सिनेमा तुला नाही आवडला तर बिनधास्त लिही, फक्त कुठल्या सीनला तुझं मन उडालं ते सांग. पुढच्या वेळी एकच सीन निवड, पाच मिनिटांचा, त्यावर पानभर लिहून पाठव, आकडा न टाकता. मी वाट बघतो.

तुझा,
काका