सहाच गाणी घे

पोरी,

तुझी यादी मिळाली. कोल्हापुरातल्या सहा डीजेंची प्रत्येकी दोन, अशी बारा गाणी, सगळी एकाच विनाइल तबकडीवर, म्हणजे रेकॉर्डवर. कुणाचा मान मोडायचा नाही, हे तुझं मन कळतं मला. पण एका बाजूला सहा गाणी म्हणजे अर्ध्या तासाच्या घरात. घरी ऐकायला चालेल, नाचायला नाही. वेळ वाढला की सुई फिरते त्या खाचा एकमेकींना खेटतात, आवाज दाबावा लागतो आणि पहिला जातो तो बेस.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डिस्कोची गाणी मिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनला सात इंची कोरी तबकडी मिळाली नाही, म्हणून गाणं दहा इंचीवर कापलं गेलं. खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि आवाज असा भरून आला की पुढे डीजेंसाठी बारा इंची सिंगलच निघाली, एका बाजूला एकच गाणं. तू तर बारा इंची घेऊन ती ठासून भरतेयस!

एका डीजेचं एकच गाणं घे. 'तुझं आवडतं कुठलं' असं विचारू नकोस. कुठलं लागलं की खुर्चीत बसलेली माणसं उठतात, ते विचार.

आता क्रम. हलगीचं गाणं तू बाजूच्या शेवटी ठेवलंयस, ते आधी कडेला, म्हणजे बाजूच्या सुरुवातीला आण. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगात कडेची खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम वीस सेंटिमीटर. हलगीचा कडकडाट तिथं फाटतो. शेवटी संथ, मऊ गाणं ठेव.

हक्कांची परवानगी लेखी घे, तोंडी नको.

चाचणीची तबकडी आली की हेडफोनवर ऐकून होकार देऊ नकोस. शाहूपुरीतल्या एका हॉलात लाकडी स्टेजवर माझी प्लेअरची जोडी होती. बॉक्स वाढवले, तसा बेस फळ्यांतून परत सुईत शिरला, घूंऽऽ सुरू झालं आणि सुई उडाली. भरलेला फ्लोअर जागच्या जागी थांबला, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले, खाली सायकलच्या ट्यूबच्या घड्या घातल्या. सुई परत उडाली नाही.

फरशी अजून आहे. तबकडी आली की घेऊन ये, मोठ्या बॉक्सवर लावून ऐकू. हलगीपासून सुरुवात करू.

तुझा,
काका