‘मंडळीनं’ की ‘मंडळींनी’? एका अनुस्वाराचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंकडे त्यांच्या ख्रिस्ती मैत्रिणीनं स्वतःच्या अनुभवावरचा लेख तपासायला दिला. त्यात वाक्य होतं, ‘त्या वर्षभर आमच्या मंडळीनं मला सांभाळलं.’ ताईंनी ते ‘मंडळींनी’ केलं तर मैत्रीण म्हणाली, अगं अर्थच गेला की! तर बरोबर कोण, सरळ ‘चर्च’ का लिहू नये, आणि ‘आध्यात्मिक कुटुंब’ कसं वाटतं, असं त्यांनी विचारलंय.

मैत्रीण बरोबर आहे. ‘ळी’वरचा अनुस्वार काढून टाका.

आपल्या रोजच्या बोलण्यात मंडळी म्हणजे बरीच माणसं, ‘मंडळींनी टाळ्या वाजवल्या’, ‘जमलेल्या मंडळींना नमस्कार’, म्हणजे तिथे सुटी सुटी माणसं डोळ्यासमोर असतात. ख्रिस्ती मराठीत मात्र मंडळी हे एकवचन आहे, एक अख्खी वस्तू, जिला नाव असतं, पत्ता असतो, पाळक (म्हणजे पास्टर) असतात. ‘मंडळींनी सांभाळलं’ म्हणजे काही ओळखीच्या लोकांनी मदत केली, आणि ‘मंडळीनं सांभाळलं’ म्हणजे मी जिची आहे तिनं मला सांभाळलं. दुसऱ्या वाक्यात उपकार करणारे आणि घेणारी असे दोन पक्षच उरत नाहीत, कारण ती स्वतः त्या मंडळीतच मोजली जाते.

याचा पुरावा अनेकवचनात सापडतो. व्यवहारातल्या मराठीत आपण ‘मंडळ्या’ सहसा म्हणत नाही, ‘घरच्या मंडळ्या आल्या’ कानाला विचित्रच लागेल. पण मराठी बायबलमध्ये ‘मंडळ्या’ सर्रास येतं, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आशियातल्या 7 मंडळ्यांना पत्र आहे, इफिस, स्मुर्णा वगैरे एकेका शहरातली एकेक मंडळी, आणि प्रत्येकीला तिचं तिचं वेगळं ऐकवलंय. जगभरच्या सगळ्या विश्वासणाऱ्यांची मिळून एक मंडळी आहेच, तिला ख्रिस्तमंडळी म्हणतात, कॅथलिक लोकांमध्ये ख्रिस्तसभा हा शब्द चालतो, पण माणूस राहतो तो एखाद्या मोजता येणाऱ्या, ठरावीक मंडळीतच. ‘मी ख्रिस्तमंडळीचा आहे’ आणि ‘मी अमक्या मंडळीचा आहे’ ही दोन वाक्यं मला तरी एकमेकांशिवाय अपुरी वाटतात, कारण पहिल्यात तुमची रिकामी खुर्ची कोणाच्या लक्षात येणार?

बायबलमध्ये मंडळीसाठी मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे बोलावून एकत्र आणलेली सभा, ग्रीक नगरांमध्ये नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात इफिसला दंगल होते, तिथे जमलेल्या गर्दीलाही ग्रीकमध्ये एक्लेसियाच म्हटलंय, पण मराठीत तिथे ‘सभा’ आहे आणि विश्वासणाऱ्यांसाठी ‘मंडळी’. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. सभा बरखास्त होते आणि लोक आपापल्या घरी जातात. मंडळी हा शब्द मराठीत आधीच घरातला होता, ‘घरची मंडळी’ म्हणजे घरातली माणसं, आणि जुन्या पिढीतला नवरा बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करायचा, अगदी तसाच ‘आमचं कुटुंब’ असाही करायचा. म्हणजे कुटुंब आणि मंडळी हे शब्द मराठीत फार पूर्वीपासून शेजारी आहेत. सुरुवातीच्या मंडळ्या जमायच्याही घरातच, पौल या प्रेषिताच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (रोम 16) प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय.

‘चर्च’ चूक नाही. त्याचं मूळ ग्रीक कुरियाकॉन, म्हणजे प्रभूचं. पण मराठी कानाला चर्च म्हटलं की आधी इमारत दिसते आणि ‘चर्चनं मला सांभाळलं’ यात संस्था ऐकू येते. चर्चला जातात, उपासनेला जातात, आणि मंडळीत असतात. क्रियापदाचाच फरक आहे बघा.

सभासद या शब्दाबद्दल मैत्रिणीला जरूर विचारा. मंडळीचे सभासद म्हणतात, यादी असते, दुसऱ्या गावी गेलं की जुन्या मंडळीचं पत्र नेऊन नव्या मंडळीत नाव घालतात, आणि ते असावंच असं माझं मत आहे, नाव लिहून देणं म्हणजे मला विचारायचा हक्क मी तुम्हाला देतो असं सांगणं. पण पौलाचा शब्द सभासद नाही, अवयव आहे. त्याच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 12) पाय म्हणतो मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, आणि पौल म्हणतो तेवढ्यानं तो शरीराचा नाही असं होत नाही. सभासद राजीनामा देऊ शकतो, पायाला ती सोय नाही आणि पाय दुखला तर झोप सगळ्या अंगाची जाते.

नात्यांचे शब्दही बघा. मंडळीत जबाबदारीच्या जागी असलेल्यांना ‘वडील’ म्हणतात, ग्रीक प्रेस्बितेरोस म्हणजे वयानं मोठा, आणि मराठीत वडील म्हणजे मोठा (वडील भाऊ) आणि वडील म्हणजे बापही, म्हणून एका शब्दात पद आणि नातं दोन्ही आलं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 तीमथ्य 5) तर सरळच सांगितलंय की वयस्कर माणसाला बापासारखं, तरुणांना भावांसारखं, वयस्कर बायकांना आईसारखं आणि तरुणींना बहिणींसारखं वागवावं.

‘आध्यात्मिक कुटुंब’ व्याकरणानं ठीक आहे, समजतंही, पण मला ते माहितीपत्रकातलं वाटतं, असं कुटुंब जे खऱ्यापेक्षा जरा कमी खरं आहे. गलतीकरांच्या पत्रात (6:10) विश्वासानं एका घराण्यातले झालेल्यांचं विशेष बरं करा असं आहे. घराणं म्हटलं की कुळ आलं, वारसा आला, भांडणं आणि समेटही आला. मी ‘विश्वासाचं घराणं’ लिहीन.

मंडळीशी असलेल्या कमिटमेंटला ‘बांधिलकी’ हा शब्द चांगला आहे, बांधणे वरूनच आलेला. कलस्सैकरांच्या पत्रात (3:14) प्रीतीला पूर्णता करणारं बंधन म्हटलंय, त्याच्याशी जुळतो. बंधन शब्दाला आपण उगाच घाबरतो.

माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा रोज संध्याकाळी दोघं-तिघं यायची, कोणी तिचे पाय चेपायचं, कोणी मला जरा झोप म्हणायचं, आणि दाराची कडी वाजली की आई आतून विचारायची, मंडळी आली का? ती घरच्यांबद्दल विचारतेय की चर्चच्या लोकांबद्दल हे मला एकदाही कळलं नाही, मी नुसतं हो म्हणायचो.

तेव्हा ताई, वाक्य होतं तसं परत करा, ‘आमच्या मंडळीनं मला सांभाळलं’. वाचक अडखळेल अशी भीती वाटली तर लेखात पहिल्यांदा जिथे शब्द येतो तिथे त्या मंडळीचं नाव घाला, पुढे आपोआप कळतं.