क्लचच्या दुरुस्तीसाठी गाडी विकावी का?

प्रश्न : मी वाईला राहते आणि पसरणी घाटाने रोज पाचगणीच्या शाळेत शिकवायला जाते. माझी डिझेल गाडी आठ वर्षांची असून ९६,००० किलोमीटर चालली आहे. क्लचचे पेडल अधूनमधून खालीच राहते आणि दोन महिन्यांत ब्रेक ऑइल दोनदा भरावे लागले. जवळचे गॅरेज अडीच हजारांत मास्टर सिलिंडरचे सील किट बदलून देते म्हणते. कंपनीच्या वर्कशॉपने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच बदलण्याचे ३४,००० रुपये सांगितले. जुनी गाडी अडीच लाखांना देऊन, दीड लाखाची मुदत ठेव मोडून आणि आठ लाखांचे कर्ज काढून बारा लाखांची नवी गाडी घ्यावी का? आपत्कालीन निधी म्हणून १,८०,००० रुपये वेगळे ठेवले आहेत.

उत्तर : आपण गाडी विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अडीच हजार खर्चायचे की चौतीस हजार, हे दोष कुठे आहे यावर ठरेल, म्हणून आधी तो नीट तपासून घ्या.

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो आणि तो रिलीज बेअरिंग पुढे रेटून क्लच सोडवतो. पेडल खाली राहते पण ऑइल उतरत नाही, अशा वेळी बहुधा मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेले असते. आपल्या गाडीचे ऑइल उतरते आहे, म्हणजे ते कुठेतरी गळते आहे. पेडलच्या वर, जिथे दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तिथे मेकॅनिकला बोट फिरवायला सांगा. ते ओले झाले तर दोष तिथेच आहे आणि खर्च थोडक्यात आटोपेल. तो भाग कोरडा असून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पातळ, फिकट थेंब दिसले, तर गिअरबॉक्सच्या आत बसवलेला स्लेव्ह सिलिंडर गळत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग सील किटवर घातलेले पैसे वाया जातील.

तसे निघाल्यास स्लेव्ह सिलिंडर, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी बिलाचा मोठा भाग असते. रोजच्या घाटात हाफ क्लचवर झिजलेली प्लेट आज तशीच ठेवली, तर तीच मजुरी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा द्यावी लागेल. यात चालढकलही नको. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची ऑइलची टाकी एकच असते. क्लचची नळी वरच्या पातळीला जोडलेली असल्याने आधी क्लच जातो, पण पसरणी घाट उतरताना टाकीतले ऑइल कमी असणे मला अजिबात मान्य नाही.

आता कर्जाचे पाहू. आठ लाख रुपये साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे १६,८०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण व्याज दोन लाख आठ हजारांच्या घरात जाते. म्हणजे क्लचचा पूर्ण खर्च दोन हप्त्यांएवढा आहे. शिवाय विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात चार वर्षांवरील गाडीची किंमत निम्मी धरली जाते, त्यामुळे कर्ज फिटेल तेव्हा हाती अर्ध्या किमतीची गाडी असेल. आपल्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची आहे, तिची सात वर्षे अजून बाकी आहेत.

ही झीज असल्याने नेहमीच्या वाहन विम्यात खर्च मिळणार नाही. तो आपत्कालीन निधीतूनच करा; मुदत ठेवीला हात लावू नका आणि क्रेडिट कार्डाचा हप्ताही बांधून घेऊ नका. पुढे दरमहा ३,००० रुपये गाडीसाठी वेगळ्या रिकरिंग ठेवीत टाका. पहिल्या वर्षभरात काढलेली रक्कम भरून निघेल आणि त्यानंतर टायर, बॅटरी यांचा खर्च त्यातूनच भागेल. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच, बदलून घ्या आणि त्या वेळी नळीतील हवा नीट काढून घ्या. काही शे रुपयांचे हे काम टाळल्यामुळे हजारोंचे बिल आलेले पाहून मला खरोखर वाईट वाटते.

एक गोष्ट काम सुरू होण्याआधी लेखी विचारा : आपल्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनचे हादरे शोषणारे दोन भागांचे जड चाक, आहे का, आणि असल्यास ३४,००० रुपयांत तो धरला आहे का? अनेक डिझेल गाड्यांत तो असतो आणि बराच महाग असतो. तो धरून खर्च ७०,००० रुपयांपर्यंत गेला, तरीही माझा सल्ला दुरुस्तीचाच राहील. मात्र सोबत टर्बो किंवा इंजिनचे मोठे काम निघाले, तर खर्च करण्याआधी गाडीची नव्याने किंमत काढून मला कळवा.