अपार्टमेंट म्हणजे इमारत की घर?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या 'डाकोटा' या इमारतीत सुरुवातीला '65 अपार्टमेंट' होती, असं वाचलं. आपण तर अख्ख्या इमारतीलाच अपार्टमेंट म्हणतो. मग 'साई अपार्टमेंट' ही पाटी चुकीची का?

चुकीची नाही, मराठीपुरती तरी. मूळ इटालियन शब्दात 'वेगळं काढणं' हे क्रियापद आहे; फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. म्हणजे अपार्टमेंट ही एका बिऱ्हाडाची जागा. इमारतीच्या नावात मात्र तो अनेकवचनी येतो. आपल्या पाट्यांवर बहुधा त्यातला शेवटचा 'स' गळला आणि उरलेला शब्द इमारतीला चिकटला.

अमेरिकेत या शब्दाला जो तोरा आला, तो डाकोटाच्याच काळातला. तिथे एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं म्हणजे गरिबांच्या चाळी. पैसेवाले नाक मुरडत. म्हणून 1870 च्या सुमारास वास्तुरचनाकार रिचर्ड मॉरिस हंट यांची 'स्टायव्हेसंट अपार्टमेंट्स' उभी राहिली तेव्हा पॅरिसचं नाव पुढे करून अशा घरांना 'फ्रेंच फ्लॅट' म्हणत. सिंगर शिवणयंत्रवाले एडवर्ड क्लार्क यांनी तर सेंट्रल पार्कलगत डाकोटाच बांधायला घेतली. आराखडा हेन्री हार्डनबर्ग यांचा. 1884 मध्ये ती पुरी झाली, पण क्लार्क त्याआधीच, 1882 मध्ये वारले. घोडागाडी कमानीतून थेट आतल्या चौकात येई. चौकाच्या चार कोपऱ्यांत जिने आणि लिफ्ट, नोकरांची ये-जा वेगळ्या वाटेने. स्वयंपाकाचा कंटाळा आला तर खालच्या भोजनगृहातून जेवण वर मागवायचं! चाळीचा संशय येऊ नये म्हणून केवढा हा खटाटोप.

आपल्याकडे कायद्याने आणखी एक अर्थ जोडला. महाराष्ट्रात 1963 चा कायदा 'फ्लॅट'चा, 1970 चा 'अपार्टमेंट'चा. त्यामुळे पुण्यात घर बघताना हमखास विचारतात, "सोसायटी आहे की अपार्टमेंट?" सोसायटीत जागेची मालकी संस्थेकडे, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंटमध्ये घर तुमच्या नावावर, शिवाय सामाईक जागेत अविभक्त हिस्सा.

गंमत म्हणजे डाकोटात 1961 पासून रहिवासी भागधारक आहेत, मालकी संस्थेची. तेव्हा पुणेरी एजंटच्या हिशेबाने ती अपार्टमेंट नव्हेच, सोसायटी!

बोलताना फ्लॅट म्हणा, दस्तात सदनिका लिहा. पाटी राहू द्या.