पेनांगच्या जॉर्जटाउनला तीन दिवस: खाणं आणि जुनं शहर दोन्ही कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत क्वालालंपूरला बहिणीकडे जाताय आणि तिथून तीन दिवस मलेशियातल्याच पेनांग बेटावर, सोबत आई पूर्ण शाकाहारी, वडील मालवणचे म्हणजे मासे पाहिजेतच, आणि दोघांनाही फार चालवत नाही. आणि प्लॅन केलाय पहिला दिवस हेरिटेज, दुसरा दिवस फूड, तिसरा शॉपिंग. हा प्लॅन आधी मोडा. जॉर्जटाउनमध्ये असं वेगळं करता येत नाही, कारण तिथे सगळा दिवस स्टॉलवाल्यांच्या घड्याळावर चालतो. सकाळी ज्या कोपऱ्यावर नूडल्स मिळतात तिथे दुपारी शटर असतं आणि संध्याकाळी त्याच फुटपाथवर दुसराच कोणीतरी गाडी लावून उभा असतो, त्यात प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी. म्हणून आधी कोणतं खाणं किती वाजता मिळतं ते मांडा आणि मधल्या वेळात जवळची वास्तू बघा, उलटं करायला गेलात की शेवटी मॉलमध्ये जेवाल.

राहायचं जुन्या गावातच, आर्मेनियन स्ट्रीट, लव्ह लेन, चुलिया स्ट्रीट या पट्ट्यात. बीचसाठी बातू फेरिंगीला हॉटेल घेऊ नका, रोज ये-जा करण्यात जीव जाईल. जुन्या शॉपहाउसची (खाली दुकान, वर घर अशा इमारतींची) हॉटेलं दिसायला फार सुंदर असतात पण जिने उभे असतात, आणि बऱ्याच खोल्यांना खिडकीच नसते, तेव्हा बुक करताना लिफ्ट आणि खिडकी दोन्ही विचारून घ्या किंवा सरळ तळमजला मागा. दुकानांपुढच्या ओसऱ्या दर दोन दुकानांगणिक वरखाली होतात, मध्ये उघडी गटारं, त्यामुळे आईबाबांना चपला नको, बूट घालायला सांगा.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर जालान मस्जिद कपितान केलिंग हा एकच रस्ता करा. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बंदर वसवलं आणि व्यापाराला जो येईल त्याला येऊ दिलं, त्याचा परिणाम या एका रस्त्यावर दिसतो: १८१८ चं सेंट जॉर्जेस चर्च, पुढे चिनी लोकांचं क्वान यिन देवीचं देऊळ (उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात), मग तमिळ लोकांचं १८३३ चं महामारिअम्मन, आणि टोकाला तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांची १८०१ ची मशीद. सगळं रमतगमत दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत. चर्च कैद्यांकडून बांधून घेतलेलं आहे, कंपनी तेव्हा आपल्याकडचे काळ्या पाण्याचे कैदी इथे पाठवायची, अंदमान फार नंतरचं. २००८ मध्ये मलाक्क्यासोबत या गावाला युनेस्कोचा दर्जा मिळाला तो या सरमिसळीमुळे, नुसत्या इमारतींमुळे नाही.

आता वडिलांसाठी. त्यांना आसाम लक्सा खायला घालाच, बाकी काही जमलं नाही तरी चालेल. नारळाच्या दुधातला लक्सा वेगळा, तो सिंगापूरकडचा, पेनांगचा आंबट असतो आणि त्यात मासा कोणता, तर चक्क बांगडा! बांगडे उकडून काटे काढून मास कुस्करून रश्श्यात, आंबटपणा चिंचेचा आणि आसाम केपिंगच्या वाळलेल्या चकत्यांचा, जे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं आहे. खाली तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना, आणि बुंगा कांतान नावाच्या गुलाबी फुलाच्या कळीचे बारीक काप, त्याचा वास दुसऱ्या कशालाच येत नाही. सोबत चमच्यात कोळंबीची काळी गोडसर पेस्ट देतात, ती एकदम ढवळू नका, आधी तसाच रस्सा प्या, मग अर्धी घाला. मालवणी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, पहिल्या घोटातच कळेल.

चार क्वे तिआव म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, अंडं आणि मोड घालून मोठ्या आचेवर परतलेल्या. चांगला माणूस एका वेळी एकच प्लेट परततो, म्हणून रांग हलत नाही, वैतागू नका. एकदम पाच प्लेटा काढणारा दिसला तर पुढे चला. चिनी स्टॉलवर यात डुकराची चरबी असते, चालत नसेल तर मुस्लिम स्टॉलवर बिनचरबीची मिळते. प्लेट साधारण आठ-दहा रिंगिटला, रिंगिटचे वीस-एक रुपये धरा. कोपितियाम म्हणजे एका छपराखाली वेगवेगळे स्टॉल असलेलं कॉफीचं दुकान, तिथली पद्धत माहीत असू द्या: आधी टेबल पकडायचं, मग वेगवेगळ्या स्टॉलवर जाऊन ऑर्डर आणि टेबल नंबर सांगायचा, पैसे प्लेट आली की त्या त्या माणसाला. चहा-कॉफी मात्र दुकानाच्या मालकाची, ती घ्यावीच लागते, नाहीतर बसण्याचे पैसे लावतात. कॅश सुटी ठेवा.

आईचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. रोज लिटल इंडियात नेऊन इडली-डोसा खाऊ घालणं सोपं आहे, एखाद्या वेळी केळीच्या पानावर जेवाही, पण तेवढ्यावर थांबू नका. चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलं बरीच आहेत, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर तिथे गर्दी उसळते, आणि त्यांच्याकडे सहसा कांदा-लसूणही नसतो. अडचण एवढीच की सोयाचं बदक हुबेहूब बदकासारखं दिसतं, आईला आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या ताटावरून उठतील. 😄 अंडं घातलंय का ते विचारा. साध्या हॉकर स्टॉलवर मात्र 'व्हेज' शब्दावर विश्वास नको, पालेभाजीतसुद्धा बेलाचान म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. गोडात मजा आहे: पेनांग रोडच्या बाजूला लेबुह केंग क्वीच्या गल्लीत चेंडोल मिळतं, किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया आणि राजमा (हो, राजमा), उभ्याने खायचं. जवळच चौरस्ता मार्केट, तिथे जायफळाच्या फळाचा गर साखरेत मुरवून, वाळवून, लोणच्यासारखा, सगळ्या तऱ्हेने विकतात, सरबतही मिळतं. कोकणात जायफळाच्या सालीचं लोणचं घालतात, तेव्हा दोघांनाही ओळखीचं वाटेल, फक्त चव जास्त गोड.

अकरा ते चार ऊन आणि दमटपणा फार, तेव्हा घरं बघा. माझं मत विचाराल तर खू कोंगसी आणि ब्लू मॅन्शन ही दोन पुरे, पेरानाकान (चिनी-मलय मिश्र संस्कृतीच्या लोकांचं) मॅन्शन वेळ उरला तर. खू कोंगसी हे खू घराण्याचं कुलमंदिर, पहिलं १९०१ मध्ये जळलं, लोक म्हणतात राजवाड्यासारखं बांधलं म्हणून देवांना खपलं नाही, मग १९०६ मध्ये जरा आवरतं घेऊन पुन्हा बांधलं. हे आवरतं असेल तर आधीचं काय असेल! ब्लू मॅन्शन चियोंग फात त्झे या धनाढ्य व्यापाऱ्याचं, भिंती निळीच्या रंगाच्या. तिथे वेळ ठरलेली गाईडेड टूर घ्या आणि छपराच्या कडेची फुलं-पक्षी नीट बघा, रंगीत चिनीमातीची भांडी फोडून, तुकडे कातरून कातरून बसवलेत.

संध्याकाळी च्यू जेटीवर, लाकडी खांबांवर समुद्रात उभी असलेली घरं, लोक अजून राहतात तेव्हा दारात कॅमेरा घालू नका. मग जेवायला नासी कांदार. तमिळ मुसलमान पूर्वी खांद्यावर कावड घेऊन भात-कालवण विकत फिरायचे, त्याची ही हॉटेलं झाली. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासूनचं आहे. भातावर काय हवं ते बोट दाखवून घ्यायचं आणि 'बांजिर' म्हणायचं की तीन-चार रस्से एकत्र ओततात. मोठी कोळंबी किंवा माशाचं डोकं घेण्याआधी भाव विचारा, तिथेच बिल फुगतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढणाऱ्या रेल्वेच्या पहिल्या गाड्यांपैकी एकीने पेनांग हिल, उशीर केला की रांगेतच दुपार होते, उतरून जवळच केक लोक सी, ज्याच्या पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस बर्मी आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईबाबांना ग्रॅबने (अ‍ॅपवरच्या टॅक्सीने) वरपर्यंत न्या. खाली एअर इतामला पुन्हा लक्सा मिळतो, वडील नाही म्हणणार नाहीत. फोर्ट कॉर्नवॉलिस सोडलात तरी चालेल, आणि आर्मेनियन स्ट्रीटवरचं सायकलवरच्या मुलांचं २०१२ चं चित्र जाता-येता दिसेलच, फोटोसाठी रांगेत तासभर घालवू नका.

क्वालालंपूरहून बेटासमोरच्या बटरवर्थपर्यंत ईटीएस ही जलद ट्रेन साधारण चार तास, तिथून फेरीने समोर गाव, विमानापेक्षा हेच बरं कारण एअरपोर्ट बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिकिटं आधी काढा, शनिवार-रविवार भरलेली असते. चिनी नवीन वर्ष कधी जानेवारीअखेर तर कधी फेब्रुवारीत येतं, तुमच्या तारखा त्यात अडकत असतील तर पहिले दोन-तीन दिवस टाळा, निम्मे स्टॉल बंद मिळतील. आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिघांचंही वेगवेगळं भरायचं असतं, फुकट आहे, सरकारी साइटवरच भरा, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.