सिनॉनिमची यादी तोंडपाठ आहे, तरी पेपरात चुकतं

ताई, तुमचा मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला आणि नववीसाठी सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा देणार. क्लासने दिलेली शब्दांची यादी तो घडाघडा म्हणून दाखवतो, पण सराव पेपरात सिनॉनिमचे, म्हणजे समानार्थी शब्दांचे, निम्मे प्रश्न चुकतात, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय स्वतःला इंग्रजी येत नसताना त्याचा सराव कसा घ्यायचा, हेही विचारलंय. मी नागपुरात बरीच वर्षं अशाच मुलांना इंग्रजी शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाची मेहनत वाया जातेय ती यादीमुळे. यादीत एका शब्दासमोर एकच अर्थ असतो. पेपरात चार पर्याय असतात आणि ते मुद्दाम फसवे निवडलेले असतात. समजा, 'रिलक्टंट' हा शब्द आलाय. पर्याय आहेत अनविलिंग, लेझी, अनेबल, अफ्रेड. यादीत 'टाळाटाळ करणारा' एवढंच पाठ केलेला मुलगा पटकन लेझीवर खूण करतो. त्याला एक वाक्य द्या: नवी सायकल मित्राला द्यायला राजू रिलक्टंट होता. आता राजू आळशी आहे का? नाही. त्याला सायकल देता येत नाही का? येते. घाबरलाय का? असेलही, पण वाक्यात तसं काही नाही. त्याचं मन तयार नाही, एवढंच खरं. म्हणजे अनविलिंग. चुकीचा प्रत्येक पर्याय का चुकीचा, हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. असे पाच शब्द रोज केले तरी पन्नास शब्दांच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त पदरात पडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पेपर काढणारे साधारण तीन ठिकाणी गाठतात. एक, पर्यायांत विरुद्धार्थी शब्द ठेवतात, आणि घाईत मूल तोच निवडतं. दोन, दिसायला सारखे शब्द. अबॅन्डन म्हणजे सोडून देणं आणि अबन्डंट म्हणजे भरपूर, यात मुलं हमखास घोळ करतात. तुमचा मुलगा वहीत उच्चार देवनागरीत लिहून पाठ करत असेल तर ते आजच थांबवा. पेपरात त्याला स्पेलिंग दिसणार आहे, ओळख तिचीच हवी. तीन, अर्थाची तीव्रता. फ्युरिअसचा अर्थ 'रागावलेला' एवढाच लक्षात असेल तर अनॉइड आणि एनरेज्ड दोन्ही बरोबर वाटतात. अनॉइड म्हणजे नुसतं वैतागणं, एनरेज्ड म्हणजे संतापाने पेटणं. म्हणून शब्द सुटे शिकवू नका, चढत्या क्रमाने शिकवा. नागपूरच्या पोराला हे समजवायला उन्हाइतकं सोपं काही नाही. डिसेंबरातलं सकाळचं ऊन वॉर्म, मार्चअखेरची दुपार हॉट आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला की स्कॉर्चिंग. एकदा हे कळलं की मूल स्वतःच विचारतं, स्मॉल आणि टायनीमध्ये कोण लहान?

आता एक गोष्ट, जी क्लासमध्ये क्वचितच सांगतात. इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द का? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे दरबारात आणि कायद्याच्या कामात फ्रेंच चालली, विद्वानांची भाषा लॅटिन होती. जुने घरगुती शब्दही टिकले आणि नवे भारदस्तही आले. आपल्याकडे घर आणि गृह, पाणी आणि जल शेजारी शेजारी नांदतात ना, तसंच. बिगिन आणि कमेन्स, हाइड आणि कन्सील, बाय आणि पर्चेस, हेल्प आणि असिस्ट. पेपरात पुष्कळदा भारदस्त शब्द प्रश्नात असतो आणि साधा शब्द पर्यायात. मुलाला अशा जोड्या ओळखायला लावा. अनोळखी मोठा शब्द दिसला तरी तो मग गांगरत नाही.

सेमीच्या मुलांचा एक मोठा फायदा कुणी लक्षातच घेत नाही. विज्ञान आणि गणित ती इंग्रजीतून शिकतात. ट्रान्सपरंट, रिजिड, एक्स्पांड, कन्झर्व, अप्रॉक्झिमेट हे सगळे शब्द तुमच्या मुलाला आधीच येतात, तेही प्रयोग करून आणि गणितं सोडवून. त्यांना इंग्रजीच्या वहीत आणा. ट्रान्सपरंटला क्लिअर, रिजिडला स्टिफ, कन्झर्वला प्रिझर्व. विज्ञानाचं पुस्तक एकदा या नजरेने चाळायला सांगा.

नवे शब्द वर्तमानपत्रातून घ्या. 'हितवाद' हे आपल्या नागपूरचं इंग्रजी दैनिक, 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेलं. त्यातल्या शहराच्या पानावरची एक छोटी बातमी रोज पुरे. अंबाझरी तलाव, मेट्रो, पावसाने तुंबलेले रस्ते हे मुलाला ठाऊक असतं, त्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ त्याला संदर्भावरून ताडता येतो. आधी अंदाज, मग शब्दकोश. हा क्रम उलटा करू नका.

वेळेचं भान मात्र ठेवा. नववीच्या या परीक्षेत 400 पैकी गणिताला 200 गुण असतात आणि इंग्रजीला 50, प्रश्न 25. त्यातही सिनॉनिम हा एक भाग. तेव्हा रोज अर्धा तास, त्याहून जास्त नको. पण नववीचा अख्खा पेपर इंग्रजीतच असतो, गणिताचं शाब्दिक उदाहरणसुद्धा. शब्दांवरची मेहनत तिथेही उपयोगी पडते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नक्की चूक वाटणारे दोन पर्याय खोडायचे आणि उरलेल्या दोनांतून निवडायचं. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र नीट वाचा.

राहिला तुमचा प्रश्न. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे खेळायच्या पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका बाजूला त्याने शब्द लिहायचा, दुसऱ्या बाजूला एक वाक्य आणि दोन सिनॉनिम. स्वयंपाक करता करता तुम्ही पत्ता उचलायचा, शब्द त्याला दाखवायचा आणि म्हणायचं, 'हा शब्द कधी वापरशील, मला मराठीत एक प्रसंग सांग.' प्रसंग पटला नाही तर तसं सांगा. तेवढी पारख तुम्हाला इंग्रजीशिवायही आहे. त्याने उत्तर देईपर्यंत पत्ता उलटू द्यायचा नाही, कारण आठवायला जो जोर लागतो त्यानेच शब्द पक्का होतो. बरोबर आलेला पत्ता तीन-चार दिवसांनी परत काढा, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. चुकलेला उद्याच.

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवा शब्द घेऊ नका. फक्त चुकलेल्या पत्त्यांची गड्डी फिरवा आणि घड्याळ लावून जुने पेपर सोडवून घ्या.